बिनसहीचा हुकूम

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या मास्तरांच्या छापखान्यात मी कॉलेजच्या सुट्टीत प्रुफं तपासायला जात असे. तपासणं कमीच; खिळ्यांच्या केसपाशी उभं राहून चहा पिणं जास्त. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांच्या कमाईवर मास्तर आठ पानांचं साप्ताहिक चालवत. एकदा कपाट आवरताना त्यांनी मला एक पिवळं पडलेलं गॅलीप्रूफ दाखवलं. आणीबाणीतलं. नसबंदी शिबिराला माणसं कशी गोळा करून नेली, याची दहा-बारा ओळींची बातमी. तिच्यावर तांबड्या पेन्सिलीची तिरकी रेघ. खाली सेन्सॉर अधिकाऱ्याची सही, हुद्द्याचा शिक्का आणि तारीख. मी विचारलं, "मास्तर, हे कशाला जपून ठेवलंय?" ते म्हणाले, "अरे, खाली सही आहे ना त्याची. कोणी खोडलं ते आपल्याला ठाऊक आहे. आज ना उद्या विचारता येईल."

दोन वर्षांपूर्वी मी एका समाजमाध्यमावर एक टिपण टाकलं. विषय होता १८९७ सालचा पुण्यातला प्लेग, रँडचा खून आणि चाफेकर बंधू. शाळेच्या पुस्तकात असतं त्याहून जास्त त्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते गायब झालं. त्याच्या जागी एकच ओळ होती: हा मजकूर आमच्या नियमांत बसत नाही. कोणता नियम, कोणतं वाक्य, काही पत्ता नाही. खाली फेरविचाराचं बटण होतं. ते दाबलं. गॅसवरचा चहा उकळायच्या आत उत्तर आलं: फेरविचार झाला, निर्णय कायम.

माझं नुकसान फार झालं असं नाही. टिपण वहीत आहे, पुन्हा कुठेही छापता येईल. पण त्या दिवशी मास्तरांचं कपाट आठवलं. त्यांच्याकडे निदान एक कागद होता.

समाजमाध्यमांनी मजकूर काढून टाकण्याबद्दल दोन मतं नेहमी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, या खाजगी कंपन्या आहेत, आपल्या ओसरीवर कोणाला बसू द्यायचं हे घरमालक ठरवणार. सेन्सॉरशिप हा शब्द सरकारपुरताच ठेवा. दुसरा म्हणतो, या कंपन्या कोणत्याही सरकारपेक्षा बलाढ्य झाल्या आहेत, खरा सेन्सॉर आता तिथे बसतो. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही मतं 'सत्ता कोणाची' या एकाच प्रश्नाशी थांबतात. मला त्याच्याही आधीचा प्रश्न विचारायचा आहे: खोडणाऱ्याला खाली सही करावी लागते की नाही?

सरकारी सेन्सॉरपासून सुरुवात करू. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास हा निम्मा त्याच्याशी झालेल्या झटापटींचा इतिहास आहे. लॉर्ड लिटनने १८७८ साली देशी भाषांतल्या पत्रांसाठी कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. मॅजिस्ट्रेटने मुद्रकाकडून जामीन मागावा, मजकूर आवडला नाही तर जामीन आणि यंत्रसामग्री जप्त करावी, आणि त्याच्या हुकमावर कोर्टात अपील नाही. जामिनाच्या कटकटीतून सुटायचं असेल, तर प्रुफं आधी सरकारला दाखवून मंजूर करून घ्यावीत, अशीही सवलत होती. लोकांनी त्याला मुस्कटदाबीचा कायदा म्हटलं. लिखाण सरकारला बोचलं म्हणून शिक्षा होणं आपल्या लोकांना नवं नव्हतं. चीड आली ती दाद मागायची वाटच बंद केल्याची. पुढे लॉर्ड रिपनच्या काळात तो रद्द झाला. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला.

पुढच्याच वर्षी कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ साली दुसरा झाला आणि सहा वर्षं मंडाले. तिथे असतानाच, १९१२ साली, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. १९१० साली खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली, कारण कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. ही यादी मी अशासाठी वाचून दाखवली, की पुढे जे बोलणार आहे त्यावरून जुन्या सेन्सॉरबद्दल मला जिव्हाळा आहे असं कोणाला वाटू नये. कोणतीही कंपनी माणसाला मंडालेला पाठवू शकत नाही. फेसबुकवरचं खातं बंद होणं आणि दारात पोलिसांची गाडी येणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजणाऱ्याने दुसरी गोष्ट कधी अनुभवलेली नसते.

पण १९०८ च्या खटल्यातला एक भाग पाहा. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे जुलै महिन्यात तो चालला. ज्या लेखांवर खटला होता ते मराठीत होते. ज्युरीपुढे आलं ते त्यांचं इंग्रजी भाषांतर. टिळकांनी वकील न देता स्वतः बाजू मांडली आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. या शब्दाला हाच प्रतिशब्द का? मराठीत याची छटा कोणती? ज्युरीपुढचं त्यांचं भाषण एकवीस तासांहून जास्त चाललं, आणि त्याचा मोठा भाग हेच सांगण्यात गेला, की माझ्या मराठीचं तुमच्यापुढे आलेलं इंग्रजी माझं नाही. सात विरुद्ध दोन मतांनी ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. न्याय झाला असं कोणी म्हणणार नाही. पण आरोप लेखी होता, कलम ठाऊक होतं, न्यायाधीश समोर बसला होता आणि भाषांतरकाराला पिंजऱ्यात उभं करता आलं. त्या सगळ्याची नोंद राहिली. ज्या सत्तेने टिळकांना गप्प केलं, तिचं नाव-गाव आपल्याला एकशे काही वर्षांनी अजून पाठ आहे.

आता आणीबाणी. २६ जून १९७५ पासून वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली. काही पत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. 'इंडियन एक्सप्रेस'ने सोडली ती प्रसिद्धच आहे. लवकरच सेन्सॉरने फर्मावलं, की जागा कोरी ठेवायची नाही. सत्तेला मजकुराची भीती वाटते हे आपण जाणतो. इथे तिला कोऱ्या कागदाची भीती वाटली. कारण ती कोरी चौकट वाचकाला सांगत होती, की इथे काहीतरी होतं आणि ते काढलं गेलं. वाचक त्या चौकटीत आपल्या मनाने मजकूर भरत होता.

त्याच काळात मिनू मसानी यांनी 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाचा मजकूर अडवल्याबद्दल मुंबई हायकोर्टात धाव घेतली. फेब्रुवारी १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणी भरात असताना, न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांच्या खंडपीठाने सेन्सॉरच्या विरुद्ध निकाल दिला. सेन्सॉरला अधिकार आहेत, पण सरकारच्या कौतुकाखेरीज काही छापूच द्यायचं नाही असा अधिकार त्यांत येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. मसानींना कोर्टात जाता आलं, कारण अमुक अधिकाऱ्याने अमुक मजकूर नाकारला, हे त्यांच्या हातात होतं.

म्हणजे सरकारी सेन्सॉरला तीन बंधनं पडली: सही, कलम आणि दाद. ती त्याने आपखुशीने पत्करलेली नव्हती. दीडशे वर्षं संपादकांनी, मुद्रकांनी, वकिलांनी ओढून-ताणून ती त्याच्यावर लादली. स्वतंत्र भारताच्या घटनेतलं १९ वं कलम हे त्याच झगड्याचं फळ. १९५० साली 'क्रॉस रोड्स' या मुंबईच्या साप्ताहिकाला मद्रास राज्याने आपल्या हद्दीत बंदी केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. मग सरकारने १९५१ साली घटना दुरुस्त करून निर्बंधांची कारणं वाढवली, पण त्या निर्बंधांना 'वाजवी' हा शब्दही लावावा लागला. रस्सीखेच अशी चालली होती, आणि दोर दोघांच्या हातात होता.

आता खाजगी सत्तेकडे येऊ. एखाद्या खाजगी माध्यमाने तुमचा मजकूर नाकारला तर ती सेन्सॉरशिप का? आपल्याकडे याचं सुंदर उदाहरण 'केसरी'च्याच घरात आहे. आगरकर 'केसरी'चे संपादक होते. सामाजिक सुधारणेबद्दलची त्यांची मतं सहकाऱ्यांना पटेनात. पत्र एकट्याचं नव्हतं. १८८७ साली आगरकरांनी संपादकपद सोडलं आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. इंग्रजी बाजू सांभाळायला गोपाळराव गोखले होते. आगरकरांवर अन्याय झाला असेल, मनस्ताप तर नक्कीच झाला. पण त्यांना सेन्सॉर केलं असं आपण म्हणत नाही. 'केसरी'ने काय छापावं हे 'केसरी'ने ठरवावं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये फ्लोरिडा आणि टेक्सास राज्यांच्या कायद्यांबद्दल जे म्हटलं ते याच अंगाने जातं: कोणता मजकूर ठेवायचा, कोणता वर आणायचा, ही निवड म्हणजे त्या कंपनीचंही एक प्रकारचं बोलणं आहे, आणि तिथे सरकारने सहजासहजी हात घालू नये.

मला हा युक्तिवाद निम्मा पटतो. उरलेल्या निम्म्यासाठी पुन्हा 'सुधारक'कडेच जावं लागतं. आगरकर बाहेर पडले तेव्हा वाचक काही 'केसरी'च्या मालकीचा नव्हता. तेच टपाल 'सुधारक'ही घरोघर पोचवत होतं. एक छापखाना, थोडी वर्गणी आणि भरपूर जिद्द असली की दुसरं पत्र निघत असे. आज जगातले तीनशे कोटींहून अधिक लोक महिन्यातून एकदा तरी फेसबुक उघडतात. तिथून बाहेर पडणारा आपली वाक्यं बरोबर नेऊ शकतो. माणसं तिथेच राहतात. पंधरा वर्षं जोडलेले वाचक, जुन्या चर्चा, गावाकडचा गट, अमेरिकेतल्या मुलीचं कुटुंब, हे सगळं दुसऱ्या दुकानात हलवता येत नाही. इथे पत्र, टपाल आणि वाचकांची यादी, तिन्ही एकाच मालकाच्या खिशात आहेत. ओसरीचा दाखला इथे लंगडा पडतो. गावातल्या सगळ्या वाटा ज्या ओसरीवरून जातात, ती नुसती कोणाची ओसरी राहत नाही.

आणि हा मालक बदलूही शकतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर ४,४०० कोटी डॉलरना विकलं गेलं. एका सौद्यात जगभरच्या पत्रकारांचा, पुढाऱ्यांचा, चळवळींचा चव्हाटा एका माणसाच्या हाती गेला. जुनी बंद खाती उघडली, नियम बदलले, आणि डिसेंबरात काही पत्रकारांचीच खाती बंद झाली. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये त्याच ट्विटरने पदावर असलेल्या अमेरिकेच्या अध्यक्षाला कायमचं बाहेर काढलं होतं. फेसबुकनेही ट्रम्प यांना बेमुदत बंद केलं. पुढे फेसबुकनेच नेमलेल्या देखरेख मंडळाने निकाल दिला तो मार्मिक होता: त्या वेळी बंदी घालणं योग्य होतं, पण 'बेमुदत' ही शिक्षा तुमच्या नियमांत कुठेही लिहिलेली नाही. थोडक्यात, कलम दाखवा. खाजगी सत्तेलाही शेवटी याच प्रश्नाला सामोरं जावं लागलं.

२०१६ साली नॉर्वेत घडलेली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. व्हिएतनाम युद्धातला तो फोटो तुम्ही पाहिला असेल: नापाम बॉम्बने भाजलेली, अंगावर कपडा नसलेली, रस्त्यावरून धावत येणारी मुलगी. एका नॉर्वेजियन लेखकाने तो फेसबुकवर टाकला. नग्नतेच्या नियमाखाली तो काढला गेला. पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी निषेध म्हणून तोच फोटो टाकला. त्यांचाही काढला गेला. 'आफ्टेनपोस्टेन' या दैनिकाच्या संपादकाने त्याच सुमारास पहिल्या पानावर मार्क झुकरबर्ग यांना अनावृत पत्र लिहिलं. मग फोटो परत आला. देशाच्या पंतप्रधानांचा मजकूर एका खाजगी नियमाने पुसला जातो, आणि तो परत आणायला सगळ्यात मोठ्या दैनिकांपैकी एकाचं पहिलं पान लागतं. तालुक्याच्या गावातल्या माणसाकडे कोणतं पहिलं पान आहे?

आपल्याकडेही २०१९ साली ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. त्यांनी खात्यावर एक जुना फोटो लावला होता: १९३६ सालच्या हॅम्बुर्गमध्ये सगळा जमाव नाझी सलाम करतोय आणि एकच कामगार हाताची घडी घालून उभा आहे. नाझींना नकार देणारा फोटो द्वेषपूर्ण चिन्हांच्या नियमात अडकला. हेगडे दिल्ली हायकोर्टात गेले. ते वकील होते म्हणून वाट ठाऊक होती.

पण मजकूर काढणं ही या सत्तेची लहान बाजू आहे. मोठी बाजू आहे पोच कमी करण्याची. लेख काढत नाहीत, फक्त तो कोणाला दिसत नाही. लिहिणारा समजतो, लोकांना आवडला नाही. वाचणारा समजतो, याने हल्ली लिहिणंच सोडलं. मधे काय झालं हे दोघांनाही कळत नाही. सरकारी सेन्सॉर बोलणाऱ्याचं तोंड धरायचा. इथे तोंड मोकळं असतं, ऐकणाऱ्यांचे कान हलवलेले असतात. इथे कोरी चौकट उरतच नाही, कारण खालचा मजकूर लगेच वर सरकतो. १९७५ च्या सेन्सॉरला जे फर्मान काढून करावं लागलं, ते या पडद्यावर आपोआप होतं.

यात मराठीचा वेगळा प्रश्न आहे. टिळकांना भाषांतरकाराची उलटतपासणी घेता आली. आज माझं मराठी वाचतं ते यंत्र, किंवा भलत्याच शहरात बसलेला, दिवसाला शेकडो तुकडे निपटणारा एखादा कंत्राटी माणूस. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, टिचकी मारतो. यांतल्या कशातच कोणी मरत नाही. आपण एखाद्यावर जीव टाकतो आणि एखादा सारखे प्रश्न विचारून आपला जीव खातो. मालवणी आजी नातवाला लाडाने जी शिवी हासडते ती यंत्राला कशी समजावून सांगायची? उलट्या बाजूनेही तेच. एखाद्या वस्तीबद्दल, जातीबद्दल, बाईबद्दल आडवळणाने, म्हणीतून, टोपणनावातून जे विष पसरवलं जातं ते मराठी माणसाला क्षणात कळतं आणि यंत्राच्या नजरेतून सुटतं. म्यानमारमध्ये याची किंमत फार भयंकर होती. रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष फेसबुकवरून पसरत असताना कंपनीकडे बर्मी जाणणारी माणसं अगदी थोडी होती. आपण पुरेसं केलं नाही, हे कंपनीने २०१८ साली कबूल केलं.

आता गुंतागुंतीचा भाग. आतापर्यंत मी सरकार आणि कंपनी यांना दोन वेगळ्या गाद्या मानून बोललो. गेल्या दहा-बारा वर्षांत या दोन गाद्यांमध्ये एक दार पडलं आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये, मुंबई बंद असताना, पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला लाईक दिलं. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ कलम त्या वेळी देशभर गाजलं. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केलं. त्याच निकालाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली: कोणीही तक्रार केली म्हणून कंपनीने मजकूर काढायचा नाही, कोर्टाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश हवा. पण ६९ अ हे मजकूर रोखण्याचं कलम न्यायालयाने कायम ठेवलं. त्याखालच्या नियमांत कारवाई गोपनीय ठेवायची तरतूद आहे. व्यवहारात आदेश कंपनीला जातो. ज्याने लिहिलं त्याला तो अनेकदा बघायलाही मिळत नाही. म्हणजे ज्या सरकारला आपण सही करायला शिकवलं, त्याने सहीचा कागद कंपनीच्या तिजोरीत ठेवायला सुरुवात केली. ट्विटरने अशा काही आदेशांना कर्नाटक हायकोर्टात आव्हान दिलं. जून २०२३ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि वर ५० लाखांचा दंड बसला. खटला कंपनी विरुद्ध सरकार असा होता. ज्याचा मजकूर गेला तो अर्जदार नव्हता.

त्याआधी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, केंद्राने नियम केला होता, की केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे हे सरकारचाच तथ्य-तपासणी कक्ष ठरवेल. त्याची रचना नीट पाहा. कक्ष कोणाला काही खोडायला सांगणार नव्हता. तो फक्त शिक्का मारणार. नंतरही मजकूर ठेवला तर कंपनीचं कायदेशीर संरक्षण जाणार. कोणती कंपनी तेवढी जोखीम घेईल? खोडणार कंपनी, आणि सरकार म्हणणार, आम्ही कुठे खोडलं? विनोदकार कुणाल कामरा आणि इतर मंडळी मुंबई हायकोर्टात गेली. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नियम अवैध ठरवला, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी वैध. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पटेल यांच्याशी सहमती दर्शवली आणि नियम पडला. मसानींच्या निकालानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, त्याच हायकोर्टात.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. कोविडच्या काळात अमेरिकी सरकारमधले अधिकारी काही मजकूर काढावा म्हणून समाजमाध्यम कंपन्यांवर दबाव आणत होते, अशी तक्रार तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेली. जून २०२४ मध्ये न्यायालयाने ती ऐकण्यास नकार दिला, कारण तक्रारदारांना हे दाखवता आलं नाही, की त्यांचा मजकूर सरकारच्या दबावाने गेला की कंपनीच्या स्वतःच्या धोरणाने. बघा, मुद्दा पुन्हा तिथेच आला. कोणी खोडलं हेच सिद्ध होईना, म्हणून दाद मिळेना. पूर्वी एकच तांबडी पेन्सिल होती. आता पेन्सिलीला दोन हात लागलेत आणि प्रत्येक हात दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आपल्याकडे 'सहयोग' नावाच्या पोर्टलवरून सरकारी यंत्रणा कंपन्यांना मजकूर हटवण्याच्या सूचना पाठवतात. एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, त्याला दिलेलं आव्हान कर्नाटक हायकोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं. पण त्यानंतर लगेच केंद्राने नियम बदलला: अशी सूचना सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने, आणि पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच, कारण देऊन पाठवायची. मला हा बदल अपुरा वाटतो, पण त्याची दिशा मोलाची आहे. सही कोणाची, हा प्रश्न सरकारला पुन्हा स्वतःला विचारावा लागला.

इथे एखादा श्रोता म्हणेल, मग काहीच खोडू नये काय? मी त्याला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची आठवण करून देईन. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना वा गटांना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायचं जाहीर केलं. माझ्या मते ते योग्य होतं. पण काय घडलं ते पाहा: कोट्यवधी भारतीयांच्या बोलण्याचा वेग एका कंपनीने एका निर्णयाने बदलला. विधिमंडळात चर्चा नाही, राजपत्रात अधिसूचना नाही. चांगला निर्णय झाला, म्हणून आपण तो कोणी घेतला हे विचारलं नाही. तोच हात उद्या वाईट निर्णय घेईल तेव्हा विचारायची सवय आपल्याला नसेल.

म्हणून माझं म्हणणं असं. कंपन्यांना सरकार म्हणू नका, त्यांच्या अधिकाऱ्याला तुरुंगाच्या चाव्या नाहीत. त्यांना साधं पत्रही म्हणू नका, आगरकरांसारखी वाट तिथून निघत नाही. दीडशे वर्षांत आपण सरकारकडून ज्या तीन गोष्टी मिळवल्या त्याच त्यांच्याकडून मागा. सही: माणसाने खोडलं की यंत्राने, स्वतःहून की कोणाच्या सांगण्यावरून. कलम: कोणता नियम, आणि कोणतं वाक्य त्यात बसत नाही. दाद: ज्याने खोडलं त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी, मराठी जाणणाऱ्याने, ऐकून घ्यावं. पोच कमी केली असेल तर तेही सांगावं. मजकूर न काढता दडवणं हेही खोडणंच आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झाला. त्यात मजकूर काढताना किंवा त्याची पोच कमी करताना कारणं द्यावी लागतात, आणि वाद कोर्टाबाहेरच्या त्रयस्थ संस्थेकडे नेता येतो. आपल्या २०२१ च्या नियमांतही ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीने इथे तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे, आणि आपणहून मजकूर काढला तर काही बाबतींत कारण कळवायचं आहे. २०२३ पासून वर अपिलीय समित्या आहेत. पण त्या नेमते केंद्र सरकार, आणि ज्या सरकारला स्वतःलाच मजकूर काढून हवा असतो त्याने नेमलेला पंच मला पुरेसा वाटत नाही. तिसरी खिडकी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात किंचित उघडली आहे: १९ आणि २१ कलमांखालचे हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही मागता येतील, असं बहुमताने म्हटलं. त्यातून उद्या काय येईल ते वकिलांनी पाहावं.

मी वकील नाही, जुना प्रूफवाचक आहे. म्हणून शेवटी या वाचनालयापुढे एक साधी सूचना ठेवतो. इथे एक रजिस्टर ठेवा. आवक-जावक असतं तसंच, रूळ आखलेलं. आपल्या गावातल्या कोणाचाही मराठी मजकूर कुठल्याही माध्यमावरून काढला गेला, तर त्याने येऊन नोंद करावी: तारीख, मजकुराची प्रत, दिलेलं कारण, तक्रार कधी केली, उत्तर काय आलं. कारण आलं नसेल तर तो रकाना तसाच मोकळा सोडावा. काही मजकूर खरोखरच काढण्यासारखा असेल. तोही नोंदवा, म्हणजे कंपनीचं कुठे बरोबर होतं हेही कळेल. वर्षाअखेरीस ते रजिस्टर याच व्याख्यानमालेत वाचून दाखवा.

पडद्यावर उरत नसलेली ती कोरी चौकट निदान आपल्या कागदावर उरेल. पहिली नोंद मी आजच करतो. चाफेकर बंधूंवरचं टिपण मी प्रत काढून बरोबर आणलं आहे. कोणी खोडलं तो रकाना मोकळा ठेवणार आहे, आणि खाली माझी सही.